दोष कोणाचा?

राज्याची घडी विसकटली म्हणजे ‘दोष कोणाचा?’ हा प्रश्न चावडीपासून कायदेमंडळापर्यंत सर्वत्र विचारला जातो. परंतु तो बहुधा अशा रीतीने विचारला जातो की, उत्तर देण्याची जोखीम कोणावरच येऊ नये. लोक पुढाऱ्यांस बोल लावतात, पुढारी लोकांच्या अज्ञानास बोल लावतात, आणि विचारणारा स्वतः नामानिराळा राहतो. ह्या प्रश्नाचे उत्तर छापील अक्षरांत आणि शिक्षा भोगण्याच्या तयारीने देणारा पुरुष विरळा. एकोणिसाव्या शतकातील ग्रीक मुत्सद्दी खारिलाओस त्रिकूपिस हा अशा विरळा पुरुषांपैकी एक होता. तो सात वेळा आपल्या देशाचा पंतप्रधान झाला. जबाबदार राज्यपद्धतीचे आद्य तत्त्व त्याने प्रत्यक्ष राजाच्या मुखातून वदवून घेतले, ओसाड देशात रस्ते व लोहमार्ग नेले, आणि अखेर त्याच देशाचे दिवाळे जाहीर करण्याचा कठीण प्रसंगही त्याच्यावरच आला. जो प्रश्न त्याने १८७४ साली सिंहासनास विचारला, तोच प्रश्न एकोणीस वर्षांनी देशाने त्याला विचारला. ह्या दोन प्रश्नांच्या दरम्यानचे त्याचे चरित्र, लोकांस जबाबदार असलेले राज्य म्हणजे काय, ह्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावे असे आहे.

प्रथम त्या वेळच्या ग्रीसची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. तुर्की सत्तेविरुद्ध १८२१ साली ग्रीकांनी उठावणी केली आणि दहा वर्षांच्या रक्तपातानंतर त्यांस स्वातंत्र्य मिळाले. पण इंग्लंड, फ्रान्स व रशिया ह्या तीन बड्या राष्ट्रांनी त्या स्वातंत्र्यावर बव्हेरियाचा एक राजपुत्र राजा म्हणून आणून बसविला. हा ओटो राजा आपखुशीने कारभार करी. १८४३ साली सैन्य व लोक राजवाड्यापुढे उभे राहिले तेव्हा कोठे त्याने राज्यघटना दिली. पुढे १८६२ साली लोकांनी त्यास घालवून दिले आणि डेन्मार्कचा सतरा वर्षांचा राजपुत्र जॉर्ज ह्यास गादीवर बसविले. १८६४ च्या नव्या घटनेत सर्व सत्ता राष्ट्रापासून उद्भवते असे स्पष्ट लिहिले गेले आणि प्रौढ पुरुषांस सरसकट म्हणावा असा मताधिकार मिळाला. युरोपातील पुष्कळ जुन्या राज्यांतही त्या काळी इतका उदार मताधिकार नव्हता. कागदावर पाहता ग्रीस अगदी पुढारलेला देश झाला.

त्रिकूपिसचा जन्म १८३२ साली नाफ्प्लिओ येथे झाला. त्याचा पिता स्पिरिडॉन हा ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहासकार व देशाच्या पहिल्या प्रधानांपैकी एक. पुत्राने अथेन्स व पॅरिस येथे कायद्याचा अभ्यास केला आणि पुढे अनेक वर्षे लंडनच्या ग्रीक वकिलातीत काम केले. ब्रिटिशांच्या संरक्षणाखालील आयोनियन बेटे १८६४ साली ग्रीसला मिळाली, त्या वाटाघाटींत त्याचा हात होता. इंग्लंडात असताना त्याने तेथील पार्लमेंटाचा कारभार जवळून पाहिला. राजाचा मान कायम ठेवूनही सत्ता बहुमताच्या हाती कशी राहते, हे त्याने हेरले, आणि मायदेशी परतल्यावर ग्रीक कारभारातील रोगाचे मूळ त्याला तात्काळ दिसले.

तो रोग असा होता. मंत्रिमंडळ नेमण्याचा हक्क घटनेने राजास दिला होता, पण तो कोणाच्या बाबतीत वापरावा हे लिहिले नव्हते. राजा सभागृहात मूठभर पाठिंबा असलेल्या गृहस्थास पंतप्रधान करी. तो गृहस्थ सभागृह बरखास्त करवी. मग फौजदार, मामलेदार, कारकून, प्रसंगी गावगुंडही हाताशी धरून निवडणूक ‘घडवून’ आणी, आणि अल्पमताचे बहुमत करून परत येई. बरे, राजाची मर्जी हेच सत्तेचे द्वार ठरल्यामुळे दहा-वीस माणसांचे टोळके जमविणाऱ्या प्रत्येकास उद्या आपल्यालाच बोलावणे येईल अशी आशा वाटे. त्यामुळे तत्त्वांवर उभे असे पक्ष निर्माण न होता व्यक्तींभोवती गोळा झालेले तांडे मात्र पुष्कळ झाले. मंत्रिमंडळे ऋतूंप्रमाणे बदलत. कुंपणच शेत खाऊ लागले होते. असे असूनही विद्वान म्हणविणारे लोक, ग्रीक जनता अद्याप स्वराज्यास लायक नाही, असा निष्कर्ष काढीत. हा निष्कर्ष आपल्या वाचकांस ओळखीचा वाटेल. ज्या ज्या देशात लोकांच्या हाती सत्ता देण्याचे टाळावयाचे असते, त्या त्या देशात तो काढला जातो.

१८७४ च्या उन्हाळ्यात व्हूलगारिसच्या अल्पमतातील मंत्रिमंडळाने अशीच एक बदनाम निवडणूक पार पाडली. तिच्या पाठोपाठ, जुन्या ग्रीक पंचांगाप्रमाणे २९ जून रोजी, अथेन्सच्या ‘केरी’ नामक पत्रात ‘दोष कोणाचा?’ ह्या मथळ्याचा एक निनावी लेख प्रसिद्ध झाला. लेखकाने उत्तर आडपडदा न ठेवता दिले. दोष राष्ट्राचा नाही, केवळ मंत्र्यांचाही नाही. लोकांनी न निवडलेल्यांस सत्तेवर बसविणाऱ्या राजाच्या धोरणाचा आहे. बहुमत असलेल्यासच पाचारण करण्याचा नियम राजाने पाळला, तर लहान टोळक्यांस आशा उरणार नाही, ती आपोआप दोन मोठ्या पक्षांत विलीन होतील आणि कारभारास स्थैर्य येईल, असा त्याचा युक्तिवाद होता. सरकारने पत्राच्या चालकास धरले. तेव्हा त्रिकूपिसने पुढे येऊन लेख आपला असल्याचे सांगितले आणि तो तुरुंगात गेला. थोड्याच दिवसांत त्याची सुटका झाली. पण त्या थोड्या दिवसांनी जे काम केले ते सभागृहातील शंभर भाषणांनी झाले नसते. ‘केरी’ ह्या शब्दाचा अर्थ ‘काळ’. ज्यांच्या भाषेत शिवरामपंत परांजप्यांचा ‘काळ’ निघाला आणि त्याच्या लेखांसाठी १९०८ साली संपादकास तुरुंग पाहावा लागला, ज्यांच्या भाषेत ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा प्रश्न १८९७ साली ‘केसरी’च्या मथळ्यावर झळकला, त्या मराठी वाचकांस एका अग्रलेखाचे बळ किती असते हे निराळे सांगावयास नको.

पुढची घटना अधिक विलक्षण आहे. ज्या राजावर दोषारोप केला, त्याच राजाने एका वर्षाच्या आत, १८७५ साली, त्रिकूपिसला पंतप्रधान नेमले. लोकमताचा रेटा पाहून राजाने शहाणपण केले असे म्हणावे लागते. त्रिकूपिसने निवडणूक घेतली, आणि सरकारी यंत्रणेने तीत ढवळाढवळ करू नये असा दंडक घातला. नव्या सभागृहापुढे ऑगस्ट महिन्यात जे राजाचे भाषण झाले, ते त्रिकूपिसने लिहिलेले होते. कारभारासाठी ज्यांस पाचारण करावयाचे त्यांच्यावर लोकप्रतिनिधींच्या बहुमताचा विश्वास प्रकट असला पाहिजे, ही अट राजाने त्या भाषणात स्वमुखाने मान्य केली. ह्या तत्त्वास ग्रीक इतिहासात ‘प्रकट विश्वासाचे तत्त्व’ म्हणतात. आणि ह्या तत्त्वाचा पहिला बळी कोण? स्वतः त्रिकूपिस! निवडणूक मोकळी झाल्यामुळे त्याला बहुमत मिळाले नाही, आणि त्याच वर्षी त्याने सत्ता प्रतिस्पर्धी कूमूंदूरोस ह्याच्या हाती जाऊ दिली. नियम घालणाऱ्याने तो प्रथम स्वतःवर लागू करून घेतला, म्हणूनच पुढे त्याला किंमत आली. आमच्या मते त्रिकूपिसच्या साऱ्या कारकीर्दीत हा पराभवच सर्वांत मोठा विजय होय.

त्याचे भाकीतही खरे ठरले. टोळकी विरत गेली आणि १८८० नंतर दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले: एक त्रिकूपिसचा, दुसरा थिओडोरोस देलियानिसचा. देलियानिसचे धोरण सांगणे सोपे आहे. त्रिकूपिस जे म्हणेल त्याच्या उलट. त्रिकूपिस कर बसवी, देलियानिस ते काढण्याचे वचन देई. त्रिकूपिस आधी सैन्य उभारा, मग सीमेचा विचार करा असे सांगे; देलियानिस सीमेची गर्जना आधी करी आणि सैन्याचा विचार मागाहून. एकाची वृत्ती थंड, इंग्रजी वळणाची. दुसऱ्याची वाणी लोकांच्या मनाला भिडणारी. निवडणुकीच्या बाजारात कोणता माल लवकर खपतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

१८८२ ते १८८५ आणि १८८६ ते १८९० अशी जवळजवळ सात वर्षे त्रिकूपिसला सलग म्हणता येईल अशी सत्ता मिळाली. तो सत्तेवर आला तेव्हा साऱ्या ग्रीसमध्ये अथेन्स ते पिरेयस बंदर एवढाच दहा-बारा किलोमीटरांचा लोहमार्ग होता. पुढील बारा-चौदा वर्षांत त्याची लांबी नऊशे किलोमीटरांच्या घरात गेली. डोंगराळ प्रदेशात खर्च आवरावा म्हणून पेलोपोनिससमध्ये एक मीटर रुंदीचे रूळ टाकले गेले. नव्या सडका झाल्या. रोमन बादशहा नीरोने जो खणण्याचा यत्न करून सोडून दिला होता, तो कोरिंथचा कालवा १८८२ साली पुन्हा हाती घेतला गेला; पहिली फ्रेंच कंपनी बुडाली, दुसऱ्या ग्रीक कंपनीने काम पुरे केले, आणि १८९३ साली खडकातून सहा किलोमीटरांहून अधिक लांबीची ती वाट जहाजांस खुली झाली. सैन्याच्या शिक्षणासाठी फ्रेंच अधिकारी आणले. तीन चिलखती युद्धनौका फ्रान्समधून घेतल्या. मतदारसंघ मोठे करून प्रतिनिधींची संख्या २४५ वरून १५० वर आणली, हेतू हा की गावच्या वजनदार माणसाची दडपशाही कमी व्हावी आणि प्रतिनिधीने प्रांताचा विचार करावा.

आता ह्या साऱ्याचा पैसा कोठून आला? प्रथम करांतून. मद्य, तंबाखू ह्यांवर कर बसले. मीठ, रॉकेल, आगकाड्या, पत्ते आणि विडीचा कागद ह्यांचा मक्ता १८८४ साली सरकारने आपल्याकडे घेतला. हे कर गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचले, श्रीमंताच्या तिजोरीपर्यंत तितके पोहोचले नाहीत. आणि मिठावरील सरकारी मक्त्याची कथा आम्हा हिंदवासीयांस कोणी सांगावयास नको. त्रिकूपिसवरील हा आक्षेप आम्ही खरा मानतो. कर पुरेनात तेव्हा परदेशी कर्जे. १८७९ ते १८९० ह्या काळात निरनिराळ्या मंत्रिमंडळांनी मिळून काढलेल्या कर्जांची दर्शनी रक्कम त्रेसष्ट कोटी फ्रँकांच्या आसपास गेली. पण दर्शनी किंमत निराळी आणि हाती पडलेली रक्कम निराळी. रोखे कमी भावाने विकले गेल्यामुळे जे पैसे मिळालेच नाहीत त्यांवरही देशाने व्याज भरले. त्यातही लोहमार्गावर किती गेले आणि जुने कर्ज फेडण्यास, तूट भरण्यास व सैन्य हलविण्यास किती गेले, हे पाहिले तर मन उद्विग्न होते.

त्रिकूपिसवर दोष देताना प्रतिपक्षाचा हिशेबही मांडला पाहिजे. १८८५ साली बल्गेरियाने पूर्व रुमेलिया प्रांत गिळताच देलियानिसने, आम्हालाही भरपाई पाहिजे, म्हणून सैन्य उभे केले. युद्ध करावयाची शक्ती नव्हती, पण सैन्य महिनोन्‌महिने सीमेवर बसून राहिले. अखेर १८८६ साली बड्या राष्ट्रांच्या नौदलांनी ग्रीक किनाऱ्यास वेढा घातला आणि देलियानिसला पायउतार व्हावे लागले. एक गोळीही धड न झाडता तिजोरी रिकामी झाली. ती भरण्याचे काम पुन्हा त्रिकूपिसकडे, आणि कर वाढविल्याची शिवीही त्यालाच! १८९० साली लोकांनी त्यास घालवून देलियानिसला प्रचंड बहुमत दिले. आणि येथे आमच्यासारख्या कायदेपंडितास अडखळावे लागते. १८९२ साली पैशाच्या अडचणीचे निमित्त करून राजाने देलियानिसला बडतर्फ केले. त्याच्यामागे सभागृहाचे बहुमत असता बडतर्फ केले. १८७५ चे तत्त्व राजाने मोडले, आणि ते मोडण्याचा लाभ पुढील निवडणुकीत कोणास झाला? तत्त्वाच्या जनकास! ज्या नियमाने स्वतःस सत्तेवरून उतरविले तो पवित्र, आणि ज्याच्या भंगाने स्वतःस सत्ता मिळाली तो भंग मात्र सोयीचा, असे होता कामा नये. त्रिकूपिसच्या चरित्रावरील हा डाग आम्ही पुसू इच्छीत नाही.

सत्ता मिळाली, पण वेळ निघून गेली होती. ग्रीसच्या निर्यातीचा फार मोठा भाग एका फळावर, कोरिंथच्या बारीक मनुक्यांवर, अवलंबून होता. फ्रान्समधील द्राक्षमळे किडीने उजाड झाले तोपर्यंत फ्रेंच लोक दारू गाळण्यासाठी ग्रीक मनुका हव्या त्या भावाने घेत. ते मळे पुन्हा बहरले, फ्रान्सने जकात वाढविली, आणि १८९३ साली मनुकांचा भाव कोसळला. शेतकरी बुडाला, त्याच्याबरोबर परकीय चलन आटले. त्याच वर्षी नव्या कर्जाच्या प्रश्नावर राजाशी न पटून त्रिकूपिसने राजीनामा दिला, आणि वर्ष संपण्यापूर्वी पुन्हा तोच सत्तेवर आला. डिसेंबर १८९३ मध्ये त्याने सभागृहापुढे उभे राहून सांगितले की राज्याचे दिवाळे निघाले आहे. ‘दुर्दैवाने आपले दिवाळे निघाले’ हे शब्द परंपरेने त्याच्या तोंडी घातले जातात. परकीय सावकारांस व्याजाचा केवळ तीस टक्के भाग देण्याचा कायदा झाला. युरोपच्या पेढ्यांत आकांत उडाला.

शेवट जलद आला. जानेवारी १८९५ मध्ये करांविरुद्ध अथेन्समध्ये सभा भरली. तिच्या बंदोबस्तात राजपुत्र कॉन्स्टंटाईन ह्याने मुलकी अधिकाऱ्यांच्या कामात हात घातला, आणि मंत्रिमंडळाच्या अधिकारास बाध येतो म्हणून त्रिकूपिसने राजीनामा दिला. पुढील निवडणुकीत तो मिसोलोंगी ह्या आपल्या गावीच पराभूत झाला. त्या काळी ग्रीसमध्ये प्रत्येक उमेदवाराच्या पेटीत शिशाची गोळी टाकून मत देत. ज्या गोळ्यांच्या मोकळ्या मोजणीसाठी त्याने तुरुंग पाहिला, त्याच गोळ्यांनी त्याला घरी बसविले. तो फ्रान्सला निघून गेला आणि एप्रिल १८९६ मध्ये कान येथे मरण पावला. त्या दिवसांत अथेन्समध्ये पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने चालू होते. खर्च झेपणार नाही म्हणून त्यांस त्याने विरोध केला होता. दुसऱ्याच वर्षी देलियानिसच्या कारकीर्दीत तुर्कस्थानाशी युद्ध झाले आणि सुमारे एका महिन्यात ग्रीसचा पराभव झाला. नुकसानभरपाईसाठी पुन्हा कर्ज, आणि त्या कर्जाच्या जामिनकीसाठी १८९८ साली परकीय राष्ट्रांचे आर्थिक नियंत्रण मंडळ अथेन्समध्ये येऊन बसले. मीठ, रॉकेल, आगकाड्या, पत्ते ह्यांच्या मक्त्यांचे उत्पन्न ह्या मंडळाच्या ताब्यात गेले. देश उभारण्यासाठी गरिबाच्या चुलीतून काढलेला पैसा असा सावकाराच्या पेढीवर जाऊ लागला.

तर मग दोष कोणाचा? त्रिकूपिसने पायाभूत कामांस जितका काळ लागेल तितका काळ सावकार थांबेल असे गृहीत धरले, हा त्याचा दोष. ज्या पिढीच्या खांद्यावर कर्ज पडावयाचे तिच्या पोटात कामाचे फळ लवकर पडणार नाही, हे त्याने लोकांस पुरेसे समजावून दिले नाही, हाही दोष. परंतु कर्ज काढताना कर बसविण्याचे धैर्य त्याने दाखविले, दिवाळे निघाले तेव्हा ते लपविले नाही, आणि निवडणूक हरल्यावर ती पोलिसांकरवी जिंकली नाही. देलियानिसने मात्र सैन्य मागितले आणि कर नाकारले, युद्ध मागितले आणि तयारी नाकारली. रस्ते हवेत, युद्धनौका हव्यात, नवा प्रांत हवा, पण पैसा कोणी दुसऱ्याने द्यावा, असे म्हणणाऱ्या मतदारानेही आपला हिस्सा उचलला पाहिजे. पाचामुखी परमेश्वर खरा. पण पाचांनी मिळून काढलेले कर्ज परमेश्वर फेडीत नाही.

ग्रीसने हा धडा एकदाच शिकला असे नाही. १९१५ साली कॉन्स्टंटाईन राजाने बहुमताच्या वेनिझेलोसला दूर केले आणि देश दुभंगला. १९६५ साली त्याच्या नातवाने पापांद्रेऊशी तोच खेळ केला, आणि दोन वर्षांत लष्करी हुकूमशाही आली. १९७४ च्या सार्वमताने राजपदच गेले. पैशाच्या बाबतीतही तसेच. २००४ च्या ऑगस्टमध्ये मिसोलोंगीपासून दूर नसलेल्या खाडीवर त्रिकूपिसच्या कल्पनेतील पूल त्याच्याच नावाने खुला झाला, अथेन्समध्ये पुन्हा ऑलिंपिक भरले. आणि २०१० साली ग्रीसला ११० अब्ज युरोंच्या मदतीसाठी अटी स्वीकाराव्या लागल्या.

आपल्या घटनेने मंत्रिमंडळ लोकसभेस व विधानसभेस जबाबदार केले आहे. बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे, सभागृहात व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली बोम्मई खटल्यात ठणकावून सांगितले. २०१९ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या विधानसभेसंबंधी त्याच तत्त्वाने आदेश द्यावा लागला. हे तत्त्व त्रिकूपिसने एका लेखासाठी तुरुंग पाहून मिळविले. पण त्याच्या चरित्राचा उत्तरार्ध सांगतो की बहुमताचा हिशेब चोख ठेवून भागत नाही. तिजोरीचा हिशेबही सभागृहातच, लोकांस समजेल अशा भाषेत, मांडला गेला पाहिजे. कर किती, कर्ज किती, ते कशासाठी, आणि फेडणार कोण, हे विचारल्यावाचून मत देणारा मतदार आपले मत सावकारास गहाण टाकतो. मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकास हे चार प्रश्न विचारावे, आणि उत्तर आवडले नाही तरी खरे सांगणाऱ्यास निवडून द्यावे, एवढेच आम्ही आमच्या वाचकांस बजावून सांगतो.